परसातलं पॅनेलघर: भिंती चोख, जमिनीचं काय?

वीस बाय सोळा फुटांचं घर. सिमेंट-थर्माकोल पॅनेलच्या भिंती, लोखंडी सांगाडा, वर पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) छत, आणि ‘दहा दिवसांत राहायला जा’ असं आश्वासन. इंदूरच्या आसपास, महू, राऊ, सांवेर, देपालपूरकडच्या गावांत हे तयार घर फॅब्रिकेटर मंडळी विकतात. गिऱ्हाईकही ठरलेलं असतं: पुढे जुनं घर, मागे परस किंवा मोडलेल्या गोठ्याची जागा, आणि घरात लग्न तोंडावर आलेलं. काही जण पीथमपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांना किरायाने द्यायला म्हणून घेतात. हे परीक्षण कुणा एका दुकानाचं नाही, या जातीच्या घराचं आहे, कारण सामान, सांधे आणि कोटेशनमधल्या पळवाटा सगळीकडे जवळपास सारख्याच.

मत आधीच सांगून टाकतो. भिंतीसाठी पॅनेल बेलाशक घ्यावं, छताचा दोनदा विचार करावा, आणि पाया मात्र या विक्रेत्यांकडून अजिबात करून घेऊ नये.

घरांची टंचाई म्हटलं की उघड्यावर झोपलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. २०१२ मध्ये अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाने देशातल्या शहरी टंचाईचा हिशेब मांडला तेव्हा आकडा निघाला १ कोटी ८७.८ लाख घरांचा. त्यात बेघर कुटुंबं होती ५.३ लाख. तब्बल १ कोटी ४९.९ लाख कुटुंबं होती दाटीतली, म्हणजे डोक्यावर छप्पर आहे पण लग्न झालेल्या जोडप्याला स्वतःची खोली नाही अशी. आकडे शहरी असले तरी गावातल्या वाड्यात ओसरीवर पडदा लावून संसार थाटलेला कुणी पाहिला नाही? ही गरज कॉलनीतल्या फ्लॅटने भागत नाही. शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं इथेच असतं. परसात उभी राहणारी, वेगळं दार आणि वेगळी चूल असलेली तीनशे फुटांची जागा हेच त्यावरचं नेमकं उत्तर, आणि म्हणूनच हे उत्पादन गांभीर्याने तपासायला हवं.

आधी पॅनेल. आतला गाभा सिमेंट, फ्लाय अ‍ॅश आणि थर्माकोलच्या बारीक दाण्यांचा, दोन्ही बाजूंना फायबर सिमेंटचा पातळ बोर्ड. एक पट्टा साधारण ८ फूट लांब, २ फूट रुंद. जाडी ५० मिमीपासून १५० पर्यंत मिळते. घराच्या भिंतीला ७५ मिमी पुरते, ५० मिमी फक्त आतल्या आडभिंतीला. ७५ मिमीचा पट्टा ७५ किलोच्या आसपास भरतो, दोन माणसं उचलून उभा करतात. कडेला नर-मादी खाच असते. हे तंत्र नवखं नाही. इंदूरमध्ये कनाडिया एक्सटेन्शनच्या गुलमर्ग परिसरातला लाइट हाउस प्रकल्प, म्हणजे नव्या बांधकाम-तंत्राचा सरकारी घरप्रकल्प, याच जातीच्या सँडविच पॅनेलचा आहे: १,०२४ घरं, वाहनतळावर आठ मजले, १ जानेवारी २०२१ ला पायाभरणी. पॅनेल विकत घेण्याआधी तिकडे एक चक्कर मारावी. पण तिथे भार पेलतो तो कारखान्यात घडवलेला पोलादी सांगाडा; पॅनेल फक्त मधली जागा भरतं. ‘एकमजली आहे, पॅनेलच भार घेईल, सांगाडा कशाला?’ असं कुणी म्हणालं तर तिथेच उठावं.

दोन फुटांचा पट्टा असल्यामुळे मापं दोनाच्या पटीत ठेवली की हिशेब सोपा होतो. २० बाय १६ च्या बाहेरच्या भिंतींना ३६ पट्टे लागतात. आत डावीकडे १२ फूट रुंदीत पुढची खोली ९ फूट खोल आणि मागची ७. उजवीकडे ८ फुटांत ८ बाय ८ चं स्वयंपाकघर, ८ बाय ४ ची न्हाणी-संडास आणि उरलेल्या ८ बाय ४ मध्ये आत शिरायची, चपला-हंडे ठेवायची जागा. या आडभिंतींना २२ पट्टे. एकूण ५८, वर फुटतूट धरून ३. दार-खिडक्यांचे कापलेले तुकडे लिंटेलच्या वर वापरता येतात, त्यामुळे ६१ च्या पुढे कोटेशन गेलं तर पट्टे मोजून मागावेत.

पातळ भिंतीचा फायदा खरा आहे. तीन इंची भिंतींत या घराचा आतला वापराचा भाग साधारण २९० चौरस फूट उरतो. तेच बाहेरून नऊ इंच आणि आत साडेचार इंच विटांनी बांधलं तर २५० च्या आसपास. चाळीस फूट म्हणजे एक न्हाणी आणि वर थोडं.

उंचीत मात्र फसगत होते. पट्टा ८ फुटांचा, म्हणजे २,४४० मिमी, आणि राहत्या खोलीची उंची राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे किमान २.७५ मीटर हवी. जमिनीवर थेट पट्टा उभा केला की पंखा डोक्यावर येतो आणि उन्हाळ्यात खोली भट्टी होते. १० फुटी पट्टा मागवता येतो, पण स्वस्त आणि जास्त शहाणा उपाय म्हणजे जोत्यावर सगळीकडून ३०० मिमी उंचीची काँक्रीटची कड ओतून तिच्यावर पट्टे उभे करणं. उंची जवळपास साधते (२,७४० मिमी) आणि पट्ट्याचा पायही ओला होत नाही. फायबर सिमेंट बोर्ड पाण्याने विरघळत नाही, पण खालची कापलेली कड सतत ओली राहिली की गाभा पाणी ओढतो, पुट्टी फुगते, आणि दीड वीत उंचीपर्यंत पोपडे निघतात. फरशी धुण्याची आपली सवय बघता ही कड चैनीची नाही.

सांध्यांवर सगळा खेळ आहे. खाली आणि वर जस्ताचं यू-चॅनेल, दर दोन फुटांवर अँकरने घट्ट. खाचेत पॉलिमर घातलेलं सिमेंट-मॉर्टर भरपूर भरून पट्टा पहारीने शेजारच्यावर रेटायचा, इतका की दोन्ही बाजूंनी मॉर्टर बाहेर आलं पाहिजे. बाहेर आलं नाही तर आत पोकळी आहे असं समजावं. सांध्यात वर, मध्ये, खाली तिरक्या ६ ते ८ मिमीच्या सळ्या ठोकायच्या. नंतर किमान आठवडाभर काही करायचं नाही. मग फायबरग्लास जाळीची पट्टी, मग पुट्टी. ‘दहा दिवसां’चं गणित जमवायला नेमका हाच आठवडा खाल्ला जातो. मॉर्टर आकसायच्या आधी पुट्टी चढते आणि दिवाळीपर्यंत भिंतीवर दर दोन फुटांवर उभी केसाएवढी रेघ उमटते. खिडकीच्या कोपऱ्याच्या बरोबर वर सांधा येऊ देऊ नये. कोपऱ्यावर इंग्रजी एल आकाराचा कापलेला पट्टा बसवावा, म्हणजे भेग कोपऱ्यातून सुरू होत नाही.

विजेच्या नळ्यांसाठी खाचा उभ्याच मारायच्या, जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नाही. आडवी लांब खाच मारली की पट्टा तिथेच मोडायला तयार होतो. साधा प्लास्टिक गुल्ला या गाभ्यात धरत नाही, थर्माकोलचे दाणे भुशासारखे निघतात. वॉशबेसिन, गॅसवरची मांडणी, गिझर यांना आरपार बोल्ट आणि मागे पत्र्याची चकती, किंवा आधीच सांगाड्याला जोडलेली आडवी लोखंडी पट्टी. पंखा थेट सांगाड्यालाच. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन होते. तिला छतावर जागा नाही, तिचं स्टँड वेगळं आणि त्याचा पायाही वेगळा.

आता पाया. सगळं दुखणं इथेच आहे.

विक्रेत्याचं म्हणणं असं की घर हलकं, तेव्हा पाया नावापुरता: चार इंच काँक्रीटचा कट्टा, त्यावर बोल्ट, झालं. घर हलकं आहे हे खरं. ५८ पट्टे म्हणजे सव्वाचार-साडेचार टन, सांगाडा पाऊण टनाच्या आत, छत अर्ध्या टनाच्या आत. विटांच्या नुसत्या बाहेरच्या भिंतीच पंचवीस टनांच्या पुढे जातात. लाल मुरमाच्या किंवा खडकाच्या गावात हा हलकेपणा पैसे वाचवतो. पण माळव्याची काळी माती वजनाने खचते कमी आणि पाण्याने फुगते जास्त. फुगताना ती वर ढकलते. जड घर त्या रेट्याला थोडं तरी दाबून धरतं, हलकं घर उचललं जातं. म्हणजे काळ्या मातीवर हलकं घर म्हणजे कमी पाया नव्हे, उलट जास्त काळजीचा पाया. इतकी साधी गोष्ट कोटेशनमध्ये कुठेही सापडत नाही.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वैशाखात परसात जमिनीला पायाचा अंगठा जाईल एवढ्या भेगा पडतात का बघा. मग एका कोपऱ्यात खड्डा खणून मुरूम किती खाली लागतो ते मोजा. चार-पाच फुटांवर लागला तर प्रश्न सुटला: सहा खांबांना सहा खड्डे, तीन बाय तीन फूट, मुरमापर्यंत नेलेले, तळाला चार इंच कोबा, त्यावर एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा फूटिंग, म्हणजे खांबाचा पसरट पाया. खड्ड्याच्या बाजू परत भरताना काढलेली काळी माती परत टाकायची नाही, मुरूम टाकायचा. गवंडी इथे हमखास हात आखडतो, कारण काढलेली माती उचलून नेण्याचे पैसे वेगळे.

काळी माती खोलवर गेलेली असेल, आणि क्षिप्रेच्या, गंभीरच्या काठच्या गावांत ती जातेच, तर फुगीर बुडाचे खांब म्हणजे अंडर-रीम्ड पाइल हा रस्ता. आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे अशा मातीत पाइलची लांबी किमान ३.५ मीटर हवी, कारण त्याखाली ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. दांड्याचा व्यास २५० ते ३०० मिमी, खालचा फुगा त्याच्या अडीचपट. हाताच्या ऑगरने दोन-तीन माणसं ही भोकं पाडतात. यंत्र गावात आणायची गरज नाही. पाइलच्या माथ्यावरून आडवी तुळई फिरते, आणि तिच्या बुडाखाली ८० मिमी मोकळी जागा ठेवायची. गवंड्याला ही मोकळी जागा चूक वाटते आणि तो मायेने माती ठासून भरून देतो. मग पावसाळ्यात माती फुगली की तुळई उचलली जाते आणि सगळा खर्च वाया. ओतताना खाली थर्माकोलचा ताव घाला, आणि तुळईच्या दोन्ही बाजूंना विटेची आड उभी करा म्हणजे माती आत सरकणार नाही.

फरशी या सगळ्यापासून सुटी ठेवायची. आतली दोन फूट काळी माती काढायची, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून पाणी मारून धुम्मसाने कुटायचा. २० बाय १६ ला दोन फूट म्हणजे ६४० घनफूट कुटलेला, सुटा ८०० घनफुटांच्या आसपास मागवावा लागतो. फरशी आणि कडेच्या काँक्रीटमध्ये बोटभर फट ठेवून ती नरम सीलंटने भरावी. फरशी उचलली तर फरशीच उचलेल, भिंत तिच्याबरोबर जाणार नाही.

बाहेरून चारही बाजूंना तीन-चार फूट रुंदीची, बाहेर उतार दिलेली काँक्रीटची पट्टी. छताच्या पन्हळीचं पाणी नळाने तिच्याही पलीकडे. पायाजवळ तुळस चालेल, केळ नाही, आणि न्हाणीचं पाणी तर अजिबात नाही. पिंपळ-कडुनिंब जवळ असेल तर मुळं उन्हाळ्यात माती आणखी सुकवतात आणि घराची एकच बाजू बसते.

कामाचा मोसमही बघावा. मेमध्ये, माती सर्वांत कोरडी असताना ओतलेला कट्टा जुलैत सर्वांत जास्त उचलला जातो. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. पाया, त्याला पाणी मारणं, सांगाडा, पॅनेल, सांध्यांचा आठवडा, छत, नळ-वीज असं धरलं तर सहा-सात आठवडे लागतात. जाहिरातीतले दहा दिवस फक्त पॅनेलचे.

भेग बघून दोष कुणाचा ते कळतं, आणि भांडणात हे उपयोगी पडतं. दर दोन फुटांवर सारख्या, उभ्या, केसाएवढ्या रेघा म्हणजे सांधा कच्चा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत जाणारी, पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी भेग म्हणजे जमीन. पहिली पॅनेलवाल्याने दुरुस्त करायची. दुसरीवर पुट्टीचे कितीही हात फिरवा, दर वर्षी परत येणार.

सांगाड्याचं वजन मागून घ्या, ‘रनिंग फूट’ नको. १०० बाय १०० बाय ४ मिमीची चौकोनी नळी मीटरला ११.७ किलो. सहा खांब तीन मीटरचे, म्हणजे २१० किलो. वरचा फेर आणि मधली तुळई मिळून २७ मीटर, ३१५ किलो. तळपट्ट्या ३०, छताच्या आडव्या सी-पट्ट्या सव्वाशेच्या आत. बेरीज ६७० किलोच्या आसपास. कोटेशनमध्ये याच घराला साडेचारशे किलो लोखंड दिसलं तर नळी २.५ मिमीची लावलेली आहे आणि वर मधली तुळईही गाळली आहे. माल उतरवण्याआधी गाडी धरमकाट्यावर नेणं हा अपमान नाही. रंगाआधी प्रायमर आतल्या टोकांनाही लागला पाहिजे, आणि नळीची उघडी टोकं वेल्डिंगने बंद.

छत पफचं असतं: अर्ध्या मिमीचे दोन रंगीत पत्रे, मध्ये ५० मिमी फोम, घनता ४० किलो प्रति घनमीटर. वजन चौरस मीटरला जेमतेम १० किलो. दोन-दोन फूट छज्जा धरला तर ४८० चौरस फूट लागतं. उष्णतेच्या बाबतीत हे छत सिमेंटच्या पत्र्याला आणि उघड्या स्लॅबलाही मागे टाकतं, यात वाद नाही. ७५ मिमीची पॅनेलची भिंत मात्र नऊ इंची विटांच्या भिंतीइतकीच ऊन अडवते, फार जास्त नाही, आणि तिच्यात जडपणा नसल्यामुळे दुपारी लवकर तापते. पण सूर्य कलला की लवकर निवतेही. शब-ए-मालवा म्हणून जिची ख्याती आहे ती इथली रात्र गार असते, त्यामुळे समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर हे घर रात्री विटांच्या घरापेक्षा सुखाचं. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी देऊ नका, वेल किंवा जाळी द्या.

छताचे तोटे तीन. पावसाचा आवाज; त्याला इलाज नाही. मान्सूनपूर्व वादळात कडेचे पत्रे उचलले जाणं. त्यासाठी कडेच्या दोन पट्ट्यांवर स्क्रू दुप्पट आणि छज्ज्याखाली कैची. आणि आग. पफचा फोम जळतो आणि धूर विषारी असतो. चुलीचं धुराडं या छतातून काढायचं असेल तर भोवती पत्र्याची वेगळी नळी आणि रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, हवं. ते जमणार नसेल तर स्वयंपाकघरावर रॉकवूलचं पॅनेल टाका. काही जण पैसे वाचवायला भिंतींनाही पफच लावून देतात. गॅसची शेगडी असलेल्या घरात हे नको. शिवाय कापलेल्या कडा उघड्या राहिल्या की उंदीर फोम पोखरून आत बाळंतपणं करतात. प्रत्येक उघडी कड पत्र्याच्या चॅनेलने बंद झालीच पाहिजे. सिमेंट-थर्माकोलच्या पट्ट्यांचं छत करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पुढे वर मजला चढवायचा असेल तर हे घर तुमच्यासाठी नाही. मग डेक शीटवर स्लॅब, जड खांब आणि सगळंच गणित वेगळं.

मलनिस्सारणाबद्दल विक्रेता एक वाक्य बोलतो: ‘जुन्या टाकीला जोडून देऊ.’ आयएस २४७० प्रमाणे पाच माणसांची सेप्टिक टँक १.५ मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, आणि पाणी सुमारे एक मीटर खोल. दहा माणसांना, दोन वर्षांनी उपसा धरला तर, २ मीटर बाय ९० सेंटीमीटर बाय १.४ मीटर. जुनी टाकी पहिल्या मापाची असेल तर दुसरा संसार जोडल्यावर ती टाकी राहत नाही, नुसता नाला होतो. शोषखड्डा काळ्या मातीत शोषतच नाही, पावसाळ्यात उलटा भरतो. भोवती फूटभर वाळू-विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा, आणि खड्डा नव्या घराच्या पायापासून शक्य तितका लांब, नाहीतर वर सांगितलेलं सगळं कोरडं ठेवण्याचं व्रत तिथेच मोडतं.

कागदांकडे येऊ. परसातलं दुसरं घर या गोष्टीला आपल्याकडे वेगळं नाव नाही, वेगळा नियम नाही. अमेरिकेत ऑरेगॉन राज्याने २०२१ मध्ये सिनेट बिल ३९१ ने ग्रामीण भागासाठी त्याला ‘अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट’ (जोडघर) असं नाव लावून मोकळं केलं: काउंटीने हवं तर परवानगी द्यावी, जागा किमान दोन एकर, दुसरं घर ९०० चौरस फुटांपर्यंत, मूळ घरापासून १०० फुटांच्या आत, आणि पर्यटकांना भाड्याने द्यायचं नाही. दोन एकर ऐकून आपल्याकडचा माणूस हसेल, पण नियम बघा कसा मोजता येण्याजोगा आहे. इथे सगळं जमीन कोणत्या खात्यात आहे त्यावर अवलंबून.

गावठाणातली, म्हणजे आबादीची जागा असेल तर पहिला कागद स्वामित्व योजनेतला अधिकार अभिलेख. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या या योजनेत ड्रोनने मोजणी होते. त्या नकाशात परस तुमच्याच हद्दीत दाखवलाय का, की शेजारच्या वाटेत, हे आधी बघा. बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडून, १९९३ च्या पंचायत राज व ग्राम स्वराज अधिनियमाखाली. ठराव तोंडी नको, लेखी घ्या. वेगळं वीज कनेक्शन मागताना तोच लागतो.

खसऱ्यात शेतजमीन असेल तर आधी डायव्हर्शन, म्हणजे जमिनीचा वापर शेतीतून घरासाठी बदलून घेणं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भू-राजस्व संहितेत जुन्या कलम १७२ ची परवानगी राहिली नाही. कलम ५९ खाली एसडीओला (उपविभागीय अधिकाऱ्याला) कळवून प्रीमियम आणि नवा आकार भरायचा. पण याचा अर्थ काहीही बांधा असा नाही. गाव इंदूरच्या नियोजन क्षेत्रात येत असेल तर १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखालचा झोन आडवा येतो, आणि हिरव्या पट्ट्यातल्या जागेला डायव्हर्शनची पावती वाचवत नाही. ‘हे तर उचलून नेता येतं, परवानगी कशाला’ हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. पाया असलेलं, नळ आणि संडास जोडलेलं घर कुठलंही कार्यालय उचलून नेण्याजोगं मानणार नाही. २०१४ मध्ये नगरपालिक निगमात आलेल्या २९ गावांत तर पंचायतीचा जुना ठरावही उपयोगाचा नाही. नक्शा निगममधूनच मंजूर व्हायला हवा.

अनुदानाचं गाजर बहुतेक कोटेशनांना टांगलेलं असतं. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, घर किमान २५ चौरस मीटर हवं, आणि आपलं २९० चौरस फुटांचं घर, म्हणजे २७ चौरस मीटर, त्यात बसतं. अडचण दुसरीकडे आहे. त्या योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, ठेकेदार लावायचा नाही, आणि पैसे जोतं, छत असे टप्पे फोटोसह पूर्ण होतील तसे येतात. पॅनेलवाला आगाऊ निम्म्याहून जास्त मागतो. दोन्ही वेळापत्रकं जुळत नाहीत. मध्ये सावकार शिरतो, आणि घर स्वस्त राहत नाही. शहराच्या हद्दीतल्या गावांना १ सप्टेंबर २०२४ पासूनची शहरी योजना २.० लागू, स्वतः बांधायच्या घराला अडीच लाख, पण चटई क्षेत्र किमान ३० चौरस मीटर. तिथे २० बाय १६ अपुरं पडतं. २० बाय १८ करा, पट्टे बाहेर दोन आणि आत एकच वाढतात. कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अविवाहित मुलं, त्यामुळे लग्न झालेला मुलगा वेगळा अर्ज करू शकतो. जागा मात्र त्याच्या नावावर दिसली पाहिजे. बंटवारा किंवा दानपत्र, मग नामांतरण, मग अर्ज. उलट क्रमाने गेलेले अर्ज अडकून पडतात.

किरायाने द्यायचं असेल तर किरायेदाराची माहिती ठाण्यात देणं आणि अकरा महिन्यांचा करार, एवढं तरी आधी.

कोटेशनमध्ये काय नसतं ते विचारून लिहून घ्या: तळपट्ट्या आणि अँकर बोल्ट, गाडीभाडं, माल उतरवणं, छताची कडपट्टी, पन्हळ, जाळीची पट्टी आणि पुट्टी, आणि १८ टक्के जीएसटी आत की बाहेर. प्रति फूट भाव इथे मुद्दाम दिलेला नाही, लोखंडाच्या दराबरोबर तो महिन्याला हलतो. किलो आणि पट्टे मोजले की भाव आपोआप उघडा पडतो. पॅनेलचा हातभर तुकडा मागून घ्या. कापलेल्या कडेवर दाणे सारखे पसरलेले हवेत. एका बाजूला दाटलेले असतील तर ओतताना दाणे वर तरंगलेत. तुकडा तोलून रात्रभर बादलीत बुडवा आणि परत तोला. चार-पाच प्रकारचे तुकडे एकत्र बुडवले तर कुणाचं घ्यावं हे सकाळी कळतं.

मोडून विकायची वेळ आली तर लोखंड परत मिळतं, पफचं छतही बऱ्यापैकी सुटतं. सिमेंटचे पट्टे सांध्यात चिकटलेले, ते फुटूनच निघतात. ‘पुन्हा वापरता येतं’ हे निम्मंच खरं.

पैशांची वाटणी अशी करा: पाया आपल्या गवंड्याकडे आणि त्याचे पैसे त्याला वेगळे, पॅनेलवाल्याला माल आल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर आणि सांध्यांचा आठवडा पूर्ण झाल्यावर अशा हप्त्यांत. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा, घटस्थापनेला द्या. थंडीत, मागणी कमी असताना, यावर सही मिळते. एप्रिलमध्ये, लग्नसराईत, कुणी करून देत नाही.